विमान घ्या, पण सुट्या भागांचं आधी बोला

संपादक महोदय, स.न.वि.वि.

छोट्या देशांनी कोणतं लढाऊ विमान घ्यावं आणि आपल्या ‘तेजस’ला बाहेर गिऱ्हाईक का मिळत नाही, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. सोबतच्या तक्त्यात वेग, पल्ला, क्षेपणास्त्रं, किंमत सगळं होतं. वर्षाला किती तास उडवणं परवडेल आणि सुटे भाग कोण, किती दिवसांत देणार, हे दोन रकाने मात्र नव्हते. मोजका पैसा असलेल्या देशाचं घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं मशीनशॉप आहे. बुश, पिना, स्पेसर असल्या बारीक सुट्या भागांची कामं आम्ही करतो, त्यातली काही विमानासाठी असतात. बुश असतो अंगठ्याएवढा. पण धातूच्या ज्या बारमधून तो कापायचा, त्याचा हीट नंबर, म्हणजे धातू कोणत्या ओतावातला ते सांगणारा नंबर, प्रत्येक तुकड्यावर पंच करायचा, टर्निंग झालं की बारीक तडा आहे का ते तपासायचं, मग मापांचा अहवाल, मग प्रमाणपत्र. कापताना बारवरचा नंबर गेला, तर डोळ्यांदेखत तोच बार असला तरी उरलेला तुकडा भंगारात जातो. ते योग्यच आहे, त्यावर माणसाचा जीव असतो. पण मशीनचं सेटिंग, पहिल्या नगाची तपासणी आणि हे सगळे कागद यांना आठ नगांसाठी जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच आठशे नगांसाठी लागतो. त्यामुळे आठ नगवाल्याला दर चढा पडतो आणि वर त्याचं काम मागेही राहतं. कुणी मुद्दाम करत नाही, मशीनच मोकळं नसतं. बारा विमानं घेणारा देश विमान कंपनीच्या दारात असाच आठ नगवाला असतो.

म्हणून अशा देशाने चार जणांनी आधीच घेतलेलं विमान घ्यावं, म्हणजे सुट्या भागांची सगळ्यांची मिळून मागणी मोठी होते, असं माझं ठाम मत आहे. फिलिपिन्सने २००५ साली आपली एफ-५ निवृत्त केली आणि पुढची दहा वर्षं त्यांच्याकडे एकही लढाऊ जेट नव्हतं. २०१४ साली त्यांनी दक्षिण कोरियाशी १२ एफए-५० विमानांचा करार केला. टी-५० या प्रशिक्षण विमानावरूनच हे बेतलेलं आहे. राफेलच्या पंक्तीला ते बसत नाही, पण २०१७ साली मारावी शहराच्या लढाईत हेच कामाला आलं. मार्च २०२५ मध्ये त्यातलं एक कोसळलं, दोन वैमानिक गेले, बाकीची काही दिवस जमिनीवर ठेवावी लागली. तरीही जूनमध्ये त्यांनी आणखी १२ मागवली. इंडोनेशिया, थायलंड, इराक, पोलंड यांच्याकडेही याच घराण्यातली विमानं आहेत. २०२३ साली मलेशियाने १८ घेतली. त्या स्पर्धेत तेजसही होतं, आणि दोन्ही विमानांना इंजिन एकाच अमेरिकन जातीचं, एफ-४०४. फरक पडला असेल तर तो या गोतावळ्याने, असं मला वाटतं.

विकत घेणं झेपत नसेल तर चेक प्रजासत्ताक आणि हंगेरीसारखा मार्ग आहे. दोघांनी स्वीडनकडून प्रत्येकी १४ ग्रिपेन भाडेपट्ट्याने घेतली.

एक बारीक भाग अख्खा व्यवहार कसा मोडतो, ते अर्जेंटिनाला विचारावं. त्यांनाही एफए-५० हवी होती. विमान कोरियाचं, पण त्यातले सहा भाग ब्रिटनचे. फॉकलंडच्या १९८२ च्या युद्धाचं वैर अजून गेलेलं नाही, ब्रिटनने परवानगी दिली नाही आणि २०२० साली कोरियन कंपनीने हात वर केले. शेवटी २०२४ साली त्यांनी डेन्मार्ककडून २४ जुनी एफ-१६ घेतली. संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी तेजसमधली खुर्चीही ब्रिटिश बनावटीचीच आहे, हे लेखात यायला हवं होतं.

आणि काही देशांनी लढाऊ विमान घेऊच नये. न्यूझीलंडने २००१ साली आपली स्कायहॉक लढाऊ विमानं सेवेतून काढली, पुढे समुद्रावर नजर ठेवायला चार पी-८ गस्ती विमानं घेतली. यावरून त्यांना आजही नावं ठेवतात. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो, कारण त्यांच्या वाट्याला शत्रूच्या विमानांपेक्षा समुद्र जास्त आहे.

आता आपलं. ८३ तेजस मार्क-१ए ची ऑर्डर २०२१ सालची, आणि त्यासाठीचं पहिलं इंजिन अमेरिकेहून आलं मार्च २०२५ मध्ये. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाची ही गत, तर बारा विमानंवाल्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकमध्ये तयार झालेलं तेजस उडालं तेव्हा आमच्या शॉपमध्ये सगळ्यांनी मोबाइलवर ते पाहिलं, ऊर भरून आला. बाहेर विकायचं असेल तर तेजस बनवणाऱ्या ‘एचएएल’ने परदेशी गिऱ्हाइकांसाठी सुट्या भागांचा वेगळा साठा आधी करावा, आपल्या वायुदलाच्या साठ्याला हात न लावता, आणि कोणता भाग किती दिवसांत पोहोचेल ते करारातच लिहून द्यावं. उशीर झाला तर दंडही लिहावा. आमच्यासारख्या लहान कारखान्यांना ती कामं वर्षाच्या एकत्र ऑर्डरने मिळाली, तर दर निम्म्यावर येईल असं मी म्हणणार नाही, पण तारीख पाळता येईल.

आपल्या प्रतिनिधीने पुढच्या लेखात ते दोन रकाने जरूर घालावेत, ही विनंती.

आपला,
एक लघुउद्योजक, वागळे इस्टेट, ठाणे (प.)