पंखाची चाचणी पाहायला एक परीक्षक पाठवा : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका सरकारी कार्यालयातून आम्हाला दोन ओळींचे पत्र आले. आम्ही बांधलेल्या एक आसनी प्रायोगिक ग्लायडरच्या, म्हणजे इंजिनाशिवाय उडणाऱ्या विमानाच्या, तपासणीचा अर्ज, ‘अर्जदार मान्यताप्राप्त विमान उत्पादक नसल्याने’ विचारात घेता येत नाही, सबब प्रकरण बंद. आम्ही उत्पादक नाही हे आम्ही पहिल्याच अर्जात लिहिले होते. तेव्हा हौशी बांधणी या प्रकारात अर्ज करा, असे त्याच कार्यालयाने लेखी कळवले आणि आम्ही तसा केला. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका कार्यक्रमात तिथल्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी माईकवरून आमच्या गटातल्या मुलांना शब्द दिला की उन्हाळ्याआधी परीक्षक येईल आणि पंखाची भारचाचणी त्याच्यासमोर होईल. मुलांनी टाळ्या वाजवल्या. उन्हाळा गेला, पाऊस गेला, परीक्षक काही आला नाही. आले ते हे पत्र.

ते मी मुलांना अजून दाखवलेले नाही. आज इथेच वाचतील.

परीक्षकाला काय पाहायचे होते ते आपल्याला सांगतो, कारण आपल्यापर्यंत ते पोहोचले असेल असे वाटत नाही. ग्लायडरचा पंख उलटा करून लोखंडी चौकटीवर बसवतात आणि त्यावर वाळूच्या पिशव्या रचतात. मुळाशी जास्त, टोकाकडे कमी. हवा पंखाला जशी उचलते त्याच प्रमाणात. युरोपात ग्लायडरसाठी सीएस-22 नावाचे नियम आहेत, आम्ही तेच पाळले. विमानाच्या वजनाच्या 5.3 पट भार पंखाने कायमचा न वाकता सोसला पाहिजे. मग सुरक्षेसाठी त्याच्या दीडपट, म्हणजे वजनाच्या जवळजवळ 8 पट. त्या शेवटच्या भाराखाली पंख किमान तीन सेकंद तगला पाहिजे. 5.3 पर्यंत आम्ही जाऊन आलो. टोक दीड-दोन फूट खाली गेले आणि पिशव्या उतरवल्यावर होते तिथे परत आले. पुढची चाचणी मात्र पंखाचे नुकसान करू शकते आणि आमच्याकडे पंखांची जोडी एकच आहे. साक्षीदाराशिवाय ती केली तर कागदावर तिला काडीची किंमत नाही, आणि पुन्हा करायला पंख उरेलच याची खात्री नाही. म्हणून परीक्षक मागितला. तीन सेकंद पाहण्यासाठी.

मंत्रिमहोदय, ही जोडी कशी झाली ते सांगू? शहराबाहेर भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पावसाळ्यात हवेत इतका ओलावा असतो की काचतंतूंचे कापड अंथरून त्यावर रेझिन, म्हणजे ते घट्ट करणारा चिकट द्रव, लावायचे काम करताच येत नाही. लावले तर थर नीट धरत नाहीत. साचा आम्ही हाताने घासला, आठवडेच्या आठवडे, कारण पंखाचा पृष्ठभाग जरा जरी खालीवर झाला तरी ग्लायडर हवेत तरंगण्याऐवजी लवकर खाली येतो. स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य तुळईसाठी, कार्बन फायबर घेतले तेव्हा माझ्या भविष्यनिर्वाह निधीतले उरलेसुरले पैसे संपले. त्याच सुमारास पत्नीचे गुडघ्याचे ऑपरेशन करायचे होते. ते पुढे ढकलू या, असे तीच म्हणाली. ते अजून झालेले नाही. सकाळी ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात जाते आणि मी शेडची किल्ली घेऊन बाहेर पडतो. हे आपल्याला सांगायचे नव्हते, पण त्या दोन ओळी वाचल्यापासून मला दुसरे काही सुचत नाही. आम्हाला अनुदान नको, आम्ही कधी मागितलेही नाही. नियमांत सूटही नको. आमचा पंख तपासा आणि कमी पडला तर नापास करा. न पाहता नापास करण्याचा अधिकार कुणाला आहे?

या देशाला एक आसनी ग्लायडर नवा नाही, हे आपल्या खात्यात आज कुणाला ठाऊक आहे का? दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावर याच खात्याचे टेक्निकल सेंटर होते. एस. रामामृतम आणि के. बी. गणेशन यांच्यासारखे अभियंते तिथे ग्लायडर रेखाटत आणि बांधत होते. अश्विनी, रोहिणी, भरणी, मृगशीर, आर्द्रा अशी नक्षत्रांची नावे त्यांनी दिली. 1960 च्या दशकातला ‘कार्तिक’ एक आसनी होता, लाकडी होता आणि स्पर्धेसाठी बांधलेला होता. सरकारी पगारावर, सरकारी जागेत, सरकारी माणसांनी केलेले काम आहे हे. ज्या खात्याने स्वतः प्रायोगिक ग्लायडर उडवले, त्या खात्याच्या छत्राखाली आज ग्लायडरचा पंख पाहायला माणूस मिळत नाही. पुण्यात हडपसरला सासवड रस्त्यावर आपलेच ग्लायडिंग सेंटर आहे. मी विंचवरून, म्हणजे केबलने ग्लायडर ओढणाऱ्या जमिनीवरच्या यंत्रावरून, एकट्याने पहिल्यांदा वर गेलो ते तिथेच. केबल सुटल्यावर जी शांतता होते, ती या मुलांनाही मिळावी एवढ्यासाठी तर हा सगळा खटाटोप.

आमच्या गटातला एक मुलगा आता जर्मनीत शिकतो. तिथल्या तंत्रविद्यापीठांत विद्यार्थ्यांचे ‘आकाफ्लीग’ नावाचे गट असतात आणि ते स्वतः नवे ग्लायडर आखून, बांधून उडवतात. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने इंजिनाच्या विमानांवर बंधने आणली तेव्हा तिथली पोरे ग्लायडर घेऊन वासरकुप्पेच्या डोंगरावर गेली. 1921 साली हानोफरच्या विद्यार्थ्यांचा ‘व्हँपायर’ आला, आणि पुढच्याच वर्षी तो तीन तासांहून जास्त हवेत राहिला. 1957 साली स्टुटगार्टचा ‘फिनिक्स’ उडाला, काचतंतूचा जगातला पहिला ग्लायडर. 1975 साली त्याच स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी उडता उडता पंख लांब-आखूड करता येईल असा एफएस-29 बांधला. 1988 साली ब्राउनश्वाइगचा एसबी-13 आला, त्याला शेपूटच नव्हती. हे सगळे एक आसनी आणि सगळे प्रयोग. आज काही नव्या प्रवासी विमानांचे पंख कार्बन तंतूंचे होतात, आणि असल्या तंतूंवर हात बसला तो अशा शेडमधूनही. आमचा मुलगा तिथे पंखाचे साचे घासतो आहे. इथे शिकलेला हात तिथे कामाला आला, आणि त्याच हाताने इथे बांधलेला पंख पाहायला माणूस नाही.

मनात आणले तर सरकारला जमते, हेही आम्ही पाहिले आहे. 2021 च्या ड्रोन नियमांत अर्जांचे नमुने 25 वरून 5 वर आणले, शुल्काचे प्रकार 72 वरून 4 वर. छान झाले. मग ज्यात माणूस बसतो आणि ज्याला इंजिनही नाही, त्याच्यासाठी एक स्पष्ट वाट का नाही? मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते विमान लोकांनी पाहिले, नोंदणी झाली 2017 साली, उड्डाणाचा परवाना मिळाला 2019 साली. तोही मुख्यमंत्री आणि पंतप्रधानांपर्यंत विषय गेल्यावर. प्रत्येक पंख पंतप्रधानांच्या टेबलावर न्यायचा का? ज्याची ओळख नाही त्याने काय करायचे?

आणि व्यासपीठांवर काय चालते? 2015 साली मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. असल्या विमानांच्या आराखड्यांना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 सालीच तपासून सांगितले होते की ही उडणार नाहीत. ज्यांनी कधी पंखावर एक पिशवी ठेवली नाही त्यांना मंच मिळतो, हार मिळतात. जी पोरे परीक्षा द्यायला उभी आहेत त्यांना ‘प्रकरण बंद’. महाराष्ट्रात दरवर्षी हजारो मुले अभियंते होऊन बाहेर पडतात, आणि बहुतेकांनी स्वतःच्या हाताने बांधलेली एकही वस्तू मोडेपर्यंत तपासलेली नसते. मोडण्याची भीती नसलेले शिक्षण आणि ‘नाही’ म्हणायला जागेवर न येणारे कार्यालय, ही दोन्ही एकाच घरात वाढली आहेत. मी साठी ओलांडली, माझे काय व्हायचे ते होवो. पण या मुलांना बारा वर्षांनी कुणी विचारेल की तुम्ही काय बांधले, तेव्हा त्यांनी काय दाखवायचे, अर्जाची पावती?

म्हणून मागणी अशी. प्रकरण बंद करण्याचे पत्र मागे घ्या. हौशी बांधणीच्या ग्लायडरसाठी एक जबाबदार परीक्षक नेमा आणि त्याचे नाव आम्हाला कळवा. भारचाचणी, मग जमिनीवरची कंपनचाचणी, मग विंचवरून बुटक्या उड्या, या टप्प्यांची तारखांसह यादी द्या. कुठल्याही टप्प्यावर ‘नाही’ म्हणायचे असेल तर कोणता आकडा कमी पडला ते लिहून म्हणा.

पंख चौकटीवर उलटा बसवलेला आहे, पिशव्या भरून ठेवल्या आहेत. शेडचा भाडेकरार मार्चअखेर संपतो आणि मालकाने जागा दुसऱ्याला देऊ केली आहे. त्याच्या आत माणूस पाठवा. त्याचा येण्याजाण्याचा खर्च आम्ही देऊ.

आपला,
पुण्यातला एक निवृत्त अभियंता आणि ग्लायडर चालक