बाबा, पत्रे नाही टाकले

दापोली,
१ जून २०२५

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण परवाचा फोन. बाबा, तुम्ही तीनदा "काय म्हणालीस?" विचारलंत, मी तीनदा ओरडून सांगितलं, आणि शेवटी "बरं बरं, छपरावर पत्रे टाका नि मोकळे व्हा, कोंबड्याही देऊन टाका कुणाला, कशाला तो व्याप" असं म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात. मला सांगायचं होतं ते तसंच राहिलं. कानाचं यंत्र येईपर्यंत फोनवर तुमच्याशी धड बोलणं व्हायचं नाही. म्हणून लिहायला बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढतेय. दादाला वाचून दाखवायला सांगू नका, तुम्हीच वाचा, सावकाश.

तर बाबा, पत्रे टाकलेले नाहीत. छपराचं पश्चिमेकडचं पाखं सगळं उतरवलं आणि परत कौलांनीच शाकारलं. कोंबड्याही कुणाला दिल्या नाहीत, उलट नऊ पिल्लं झाली आहेत. या दोन गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्या की एक सांगताना दुसरी वगळता येत नाही, तेव्हा सगळंच सांगते.

एप्रिलअखेर हे माळ्यावर फणसाच्या साटांचा डबा ठेवायला चढले आणि वरून हाक मारली. कौलांखालच्या रिपांना वाळवी लागली होती. बोट लावलं तर भुगा पडत होता. वाडीतल्या सुतारदादांना बोलावलं. त्यांनी हातोडीच्या मागच्या बाजूने एकेक वासा ठोकून पाहिला. वासे किंजळीचे, अजून खणखणीत, फक्त वळचणीकडचे दोन गेले होते. रिपा मात्र सगळ्या बदलायच्या. त्यांनीही तुमच्यासारखंच म्हटलं, पत्रे टाका, चार दिवसांत काम होतं, माकडांचीही भीती नाही. खोटं नव्हतं त्यांचं. पण दुपारी माजघरात बसल्यावर पत्र्याखालची उकड मला नको वाटली, आणि पावसाचा तो आवाज. आपल्याकडे पाऊस कौलांवर पडतो तेव्हा माणसाला बोलता येतं.

दापोलीत जाऊन नवी कौलं बघितली. एक नमुन्याला आणून जुन्याशेजारी ठेवलं तर खाच खाचेत बसेना, अर्ध्या बोटाचा फरक. अशी मिसळ केली की मध्ये फट राहते आणि पश्चिमेचा वारा पाऊस तिथूनच आत ढकलतो, हे सुतारदादांनी दाखवलं. सगळंच पाखं नव्याने करायचं तर खर्च झेपणारा नव्हता. मी ओट्यावर बसून राहिले होते. तेव्हा हे म्हणाले, "विहिरीमागे बाबांनी रचून ठेवलीत ती?"

बाबा, मला ती कौलं आठवलीच नव्हती. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी पुण्यात होते. आठ दिवस तुमचा फोन लागत नव्हता आणि ते आठ दिवस मी अजून विसरलेली नाही. नंतर प्रवासाची परवानगी मिळून इथे पोचले तर अर्धं आगर आडवं झालेलं, पोफळी काडीसारख्या मोडलेल्या, आणि तुम्ही खळ्यात पाटावर बसून कौलं निवडत होतात. फुटकी डावीकडे, धड उजवीकडे. एकेक कौल नखाने वाजवून बघत होतात. मी चिडून म्हणाले होते, "बाबा, आधी जेवा, ती कौलं काय करायचीयत?" तुम्ही काही बोलला नाहीत. फणसाखाली उभी रचलीत, वरून झावळ्या घातल्यात. या मे महिन्यात मी ती मोजली. दोनशे बारा होती. तेव्हा बोलले त्याची माफी आज मागते.

पण त्या कौलांवर कुणीतरी आधीच हक्क सांगितला होता. आई, हे तुझ्यासाठी. तांबडी दोन आठवडे खुराड्यात अंडं घालत नव्हती. चोरून घालतेय हे कळत होतं, पण कुठे ते सापडेना. दिवसातून एकदा यायची, पिसं फुलवून, कुर्र कुर्र करत दाणे टिपायची आणि गायब. छकुली दोन दिवस तिच्या मागे दबकत फिरली. ३ मेला धापा टाकत आली, "आई, आजोबांच्या कौलांत!" रांगेच्या मागे, दोन थरांच्या बेचक्यात, वाळलेल्या पानांवर अकरा अंडी घेऊन बाई बसलेली. छकुलीने कॅलेंडरवर २४ तारखेला गोल केला. एकवीस दिवस कसे मोजायचे ते तूच तिला मागच्या गणपतीत शिकवलंस.

सातव्या रात्री बॅटरीवर अंडी धरून पाहिली. दहांत लाल जाळं दिसलं, एक नुसतंच पिवळं होतं. छकुलीला ते काढू दिलं नाही, तिला वाटलं असतं आपण एक कमी केलं.

सुतारदादांना १८ तारखेपासून कौलं हवी होती. पंधरा-सोळा दिवस बसलेल्या कोंबडीला हलवायचं म्हणजे ती अंडी सोडून जायची भीती. तुला फोन केला तेव्हा तू सांगितलंस ते मी तसंच्या तसं केलं. आधी पडवीच्या काळोख्या कोपऱ्यात पेंढ्याचं घरटं तयार ठेवलं, पेंढ्याखाली मूठभर राख. रात्री पूर्ण अंधार झाल्यावर, बॅटरी न लावता, अंडी गरम फडक्यात घेऊन ह्यांनी आत नेली आणि तांबडीला मी दोन्ही पंख दाबून उचललं. ती नुसती एकदा गुरगुरली. अंड्यांवर ठेवून डालग्याखाली डालली. दुसरा सबंध दिवस तशीच ठेवली. संध्याकाळी डालगं उचललं तर उठली, पाणी प्यायली आणि परत जाऊन बसली. मला रडू आलं, आई. तू रोज सकाळी हे सगळं उरकून शाळेचा डबा भरायचीस आणि आम्हाला पत्ताही नसायचा.

याच दिवसांत माझ्या वसतिगृहातल्या दोघी मैत्रिणी मुलांना घेऊन आल्या. तुला दोघी आठवतील, एकीने एका बैठकीत तुझ्या हातचे अकरा घावणे खाल्ले होते. येण्याचं जानेवारीतच ठरलेलं. मी त्यांना फोन करून म्हटलं, घर उघडं पडलंय, पुढे कधीतरी या. त्या म्हणाल्या, उघडं आहे म्हणून तर येतो. आल्या दिवशी सगळे हर्णैला लिलावाला गेलो. पापलेटच्या पाट्यांचे भाव ऐकून बांगडे घेऊन परतलो आणि पोटभर जेवलो. समुद्रावर जाणं तेवढंच झालं.

दुसऱ्या दिवसापासून त्या कौलांना लागल्या. विहिरीपाशी दोघी आणि काकी काथ्याने शेवाळ घासायला बसल्या. मुलांची फणसापासून खळ्यापर्यंत साखळी केली, एकेक कौल हातोहात पुढे. शिडीवर हे, वर सुतारदादा. नव्या रिपांना काजूच्या टरफलाचं तेल दोन हात लावून घेतलं होतं, त्याचा वास अजून अंगणात आहे. तेल हाताला लागलं तर कातडी भाजते म्हणून मुलांना त्या बाजूला फिरकू दिलं नाही. रिपांमधलं अंतर जुन्या कौलावरून मापून घेतलं, टेपवर नाही. तुम्ही हेच केलं असतंत ना? मैत्रिणीच्या मुलाने विचारलं, ही कौलं कुणी ठेवली? छकुली म्हणाली, "आमच्या आजोबांनी, आमच्यासाठी." मी तिला असं काही शिकवलेलं नव्हतं.

मृग लागायला अजून पंधरवड्याहून जास्त दिवस होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. आणि २० तारखेला आभाळ भरलं. तुम्ही टीव्हीवर सगळं बघितलंच असेल. मैत्रिणी २१ ला निघायच्या होत्या, त्या एक दिवस थांबल्या. ताडपत्री ओढायची, सर गेली की काढायची, पाच-सात ओळी घालायच्या, परत ताडपत्री. त्या निघाल्या तेव्हा पाखं भरलं होतं, फक्त आढ्यावरचे कोने बसायचे होते. ते २३ ला दोन सरींच्या मध्ये सुतारदादांनी बसवले. त्यांनी वेळ पाळली नसती तर आज हे पत्र वेगळं झालं असतं. त्यांना मजुरी वेगळी आणि तुमच्या नावाने एक धोतरजोडी दिली.

२४ ला दुपारी ते कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनाऱ्यावर आलं. वीज आदल्या रात्रीच गेलेली. वारा समुद्राकडून सरळ त्याच पाख्यावर. आम्ही तिघं माजघरात माना वर करून बसलो होतो. कंदील हलत होता. न्हाणीच्या कोपऱ्यात एक ठिबक सुरू झाली, तिथे पातेलं लावलं. बाकी कोरडं, बाबा. सबंध पाखं कोरडं. ह्यांनी वळचणीपासून आढ्यापर्यंत बॅटरी फिरवली आणि मला म्हणाले, "बाबांना कळवायला हवं." पण फोनला रेंज नव्हती.

तेवढ्यात छकुलीने आम्हाला गप्प बसायला सांगितलं. पडवीतून बारीक आवाज येत होता. कवच फुटायच्या आधी पिल्लू आतून बोलतं ना, तो. तांबडी त्याला खालच्या सुरात उत्तर देत होती. संध्याकाळपर्यंत पाच निघाली, पहाटे आणखी चार. दहातलं एक कवचातच गेलं. छकुलीने ते अबोलीच्या मुळाशी पुरलं. तिला समजावलं नाही, सोबत उभी राहिले.

काल सातवा दिवस, पिल्लांना मानमोडीवरची लासोटाची लस दिली. पशुवैद्यकीय दवाखान्यातून बाटली थर्मासात बर्फ घालून आणावी लागते, आणि एकदा पातळ केली की तासा-दोन तासांत संपवायची. एका बाटलीत शंभराच्या घरात डोस, आपली पिल्लं नऊ. म्हणून काकींची चौदा आणि वरच्या वाडीतली सव्वीसही आपल्या खळ्यात आणली. एकेका पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब, ते डोळा मिटतं तोवर धरून ठेवायचं. मानमोडीने मागच्या वर्षी काकींच्या सगळ्या कोंबड्या तीन दिवसांत गेल्या होत्या, त्यामुळे यंदा कुणाला बोलवावं लागलं नाही. आई, २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा सगळे म्हणत होते कोंबड्या काढून टाका, आणि तू काढल्या नाहीस. काकी काल तेच सांगत होत्या. तुझी आठवण निघाली की त्या दहा मिनिटं थांबत नाहीत.

मार्चमध्ये मुंगसाने कवडी कोंबडी नेली हे तुला फोनवर सांगितलं नव्हतं. तुझी लाडकी होती. ते खुराड्याच्या मागच्या चिऱ्यांमधल्या भोकातून शिरलं. आता तिथे सिमेंट भरलंय, दाराला बारीक जाळी आणि खाली वीतभर पत्रा पुरलाय.

बाकी दुरुस्त्या चालू असतात. पंपाचा फूटव्हॉल्व्ह बदलला, परसदाराची कडी सरळ केली. न्हाणीचा नळ गळत होता. बाबा, वॉशर शोधायला तुमची पत्र्याची पेटी उघडली. प्रत्येक डब्यावर तुमच्या अक्षरात चिठ्ठी: "३ सूत खिळे", "बिजागरी, जुन्या", "नळाचे", आणि एका डब्यावर "उपयोगी पडेल". वॉशर त्या शेवटच्या डब्यात मिळाला. चिठ्ठ्या सुटायला आल्या होत्या, मी वरून चिकटपट्टी लावली. अक्षर तुमचंच ठेवलंय.

आता मुख्य बोलते. तुम्हाला वाटतं, गुडघ्यांमुळे आपण डोंबिवलीला गेलो आणि घर लेकीच्या गळ्यात पडलं. जावयाला सासऱ्याचं घर शाकारायला लागावं याचा तुम्हाला संकोच वाटतो. आईने सांगितलं मला. बाबा, आम्ही चार वर्षांपूर्वी इथे आलो ते आमच्या मनाने. हे रोज संध्याकाळी खुराडं लावून येतात तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा तुम्ही. व्याप आहे, पण तो मला हवा आहे. आणि तुम्ही दादाच्या हातून पाठवलेले वीस हजार परत करत नाही. ते रिपांना लागले, हिशोब वेगळ्या कागदावर जोडलाय, तपासा.

आई, नवांपैकी कोंबडे किती हे अजून कळत नाही. दोनापेक्षा जास्त निघाले तर काय करू ते कळव. तांबडीला परत कधी बसू द्यायची तेही.

गणपती २७ ऑगस्टला आहेत. २५ ची गाडी धरली तर आरक्षण २६ जूनला सकाळी आठला उघडेल. दादाला दोनदा आठवण करा, खालचीच बर्थ घ्यायला सांगा. खेडला उतरा, मी गाडी घेऊन येते. न्हाणीत धरायला दांडी बसवलीय आणि ओटीची पायरी अर्धी केलीय. तेवीस कौलं उरली आहेत. ती फणसाखाली परत उभी रचून ठेवलीत, झावळ्या घालून. न्हाणीच्या ठिबकीला त्यातली तीन लागतील, पण ती कुठली ते तुम्ही येऊन वाजवून सांगा.

तुमची,
धाकटी