वही घेऊन ये

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस, तीन दिवसांच्या सभेहून आल्यापासून नर्सिंग सोडून पूर्णवेळ सेवेत उतरावंसं वाटतं, हे देवाचं पाचारण, म्हणजे त्याची हाक, की माझंच मन? फोनवर याचं उत्तर होत नाही, म्हणून लिहिते.

आधी बायबलमधलं १ शमुवेल, तिसरा अध्याय काढ. देवाने हाक मारली आणि पोरगं शमुवेल तीनदा उठून म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे धावलं. म्हणजे ती वाणी त्याला रोजच्या घरातल्या माणसासारखीच वाटली! एलीच्याही तिसऱ्यांदाच ध्यानात आलं. मग त्याने काय सांगितलं? जा, नीज, आणि पुन्हा हाक आली तर म्हण, "बोल, तुझा दास ऐकत आहे." मग शमुवेल आपल्या जागी जाऊन निजला. आपल्या जागी, हे शब्द नीट बघ. तुझी जागा आज वॉर्डात आहे. तिथली ड्युटी टाळून ऐकलेली हाक मला खरी वाटत नाही. आणखी एक, शमुवेलाला मिळालेला निरोप सांगायला जड होता. ज्या हाकेत नुसता आपलाच मान वाढतो, ती दोनदा तपासावी.

आता रोजचं सांगते. सकाळी वीस मिनिटं, मोबाईल दुसऱ्या खोलीत. शुभवर्तमानातली दहा-बारा वचनं, क्रमाने. डोळे मिटून कुठलंही पान उघडायचं आणि बोट ठेवलं ते वचन आपलं मानायचं, असं करू नको. त्यात आपल्याला हवं तेच सापडतं. तोच भाग तीनदा वाच, मग पाच मिनिटं गप्प बस. मन भटकेल, रागावू नको, वचनावर परत ये. रात्री वहीत तारीख टाकून दोनच ओळी: आज कशाने मन प्रभूकडे ओढलं, कशाने कोरडं पडलं. भीतीने किंवा अपराधी वाटून सुचलेलं वेगळं लिही. भीती घाई करायला लावते. चाळीस दिवसांनी सगळी वही एका बैठकीत वाच. थकलेल्या दिवशीही जे पुन्हा पुन्हा आलं असेल, त्याच्याखाली रेघ मार.

चाळीस दिवस का, तर आपल्याकडे मृगाची पहिली सर आली की सरकी टोबायची घाई होते. वरची चार बोटं माती ओली, खाली कोरडी. अंकुर दिसतो, आठ-दहा दिवस उघाड पडली की करपतो, मग दुबार पेरणी. म्हणून पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल जाईपर्यंत थांबा म्हणतात. सभेतली गाणी, रडू, हात वर करणं, ही पहिली सर आहे. खोटी नाही ती, पण तेवढ्यावर पेरू नये. कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत नवा करार आला, आणि बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. मधली दोनेक वर्षं वाचण्यात आणि मनाशी झगडण्यात गेली.

चिन्ह मागत बसू नको. बायबलमधल्या गिदोनाने दवाचं चिन्ह मागायला लोकर ठेवली ती हाक ऐकल्यानंतर, विश्वास डळमळत होता म्हणून.

वही भरली की तिघांशी बोल: पाळकसाहेब, तुला रोज काम करताना बघणारी एखादी सिस्टर, आणि तुला तोंडावर "नाही" म्हणू शकेल असं कुणीतरी. हे तिसरं माणूस आपण नेहमी टाळतो. अंत्युखिया शहरातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीतही बर्णबा आणि शौल (पुढचा पौल) आपले आपण उठून निघाले नाहीत. मंडळी उपासपूर्वक सेवा करत असताना पवित्र आत्मा बोलला, आणि मंडळीने हात ठेवून त्यांना पाठवलं.

आणि बाळ, रात्रपाळीला म्हाताऱ्या आजीची चादर बदलताना मन भरून येतं असं तू बोललीस, ते सभेच्या गोष्टीत हरवून गेलं. वहीची सुरुवात तिथून कर.

नाताळला येशील तेव्हा वही घेऊन ये. बाबा म्हणतात, तोवर सेवेच्या कोर्सचा फॉर्म भरू नको आणि त्याचं नावही काढू नको.

तुझी,
आई