नाशिकची दोन दिवसांची सहल: देव, पक्षी आणि वाइन

ठाणे (प.)

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझा आराखडा वाचला. शनिवारी दुपारी निघायचं, संध्याकाळी वायनरी, रविवारी सकाळी त्र्यंबकेश्वर, दुपारी नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी आणि रात्री घरी. ठिकाणं छान निवडली आहेस, पण क्रम बदलावाच लागेल. रविवारी त्र्यंबकची रांग किती वेळ खाईल याचा भरवसा नसतो. उन्हं चढली की पक्षी आत लांब जाऊन बसतात. आणि रविवारी संध्याकाळी पडघ्यापासून माणकोलीपर्यंत गाड्या तुंबलेल्या असतात. म्हणून देव शनिवारी सकाळी, वाइन त्याच संध्याकाळी, पक्षी रविवारी उजाडताना आणि दुपारी परतीची वाट. काकूंना दर्शनाआधी मद्याचा विषय नको असणार, तेही यात सांभाळलं जातं.

आधी तारीख ठरव. द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च चालते आणि पाहुणे पक्षी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चांगले दिसतात. दोन्ही हवं असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारीचा पहिला आठवडा. ऑक्टोबरात गेलास तर नुकती छाटणी झालेल्या उघड्या काड्या दिसतील, पावसाळ्यात नुसता पाला. २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी घेऊ नकोस, त्या दिवशी ड्राय डे असतो. अमावास्या, महाशिवरात्रीचा आठवडा आणि सुला फेस्टचे (सुला वायनरीच्या संगीत उत्सवाचे) दिवसही टाळ. त्या दिवसांत एकतर मंदिरात पाय ठेवायला जागा नसते, नाहीतर गंगापूर रोडला खोली मिळत नाही.

शनिवारी पहाटे साडेचारला नेरुळ सोड. ठाणे-बेलापूर रस्त्याने विटावा, कळवा करत साकेतला ये, मी तिथेच गाडीत बसतो. पाचच्या सुमारास माणकोली मागे पडली पाहिजे, नंतर कंटेनर आणि गोदामांचे ट्रक रस्ता अडवतात. पुढे आमणेला समृद्धी महामार्गावर चढायचं. इगतपुरीपर्यंतचा हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि कसारा घाट टळला. निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपास. कमी हवेचा, घासलेला टायर सिमेंटच्या रस्त्यावर वेगात तापतो आणि फुटतो. पेट्रोलही ठाण्याआधीच भरून घे.

इगतपुरीला उतरून घोटीत चहा, मग नाशिक शहरात न शिरता घोटी-त्र्यंबक रस्ता. वाटेत वैतरणा धरणाचं पाणी आणि डोंगर लागतात, घाई नसेल तर दहा मिनिटं थांबू. सिंहस्थाच्या तयारीमुळे त्र्यंबक आणि नाशिक परिसरात रस्त्यांची कामं निघालेली असतात, तेव्हा अर्धा तास जास्तीचा धर.

त्र्यंबकला २०० रुपयांचा देणगी दर्शनाचा पास असतो. काकूंचे गुडघे बघता तो आधीच काढून ठेव. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं हे काळ्या पाषाणाचं देऊळ बाहेरूनही सावकाश बघण्यासारखं आहे. आत इतर ठिकाणी असते तशी उंच पिंडी नाही. एक खोलगट जागा आणि तिच्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं: ब्रह्मा, विष्णू, महेश. पुढे झुकायला वेळ मिळत नाही, म्हणून वर लावलेल्या आरशात बघायचं. हे काकूंना आधीच सांग, नाहीतर पुजारी ‘चला, चला’ म्हणतात आणि दर्शन राहून गेल्याची हुरहूर लागते. आत फोटो काढू देत नाहीत. अंजनेरी गडाचा चढ या खेपेला नको, काकूंना झेपणार नाही.

आता वाइन. रांगेत उपाशी उभं राहून दुपारी तसंच टेस्टिंगला बसलं की तासाभरात डोकं धरतं. त्यामुळे साडेअकरापर्यंत गंगापूर रोडला मिसळ, दोनला खोलीवर आडवं व्हायचं आणि चारची वायनरी टूर. सुला मोठी आहे, यंत्रं नीट दिसतात, तेव्हा टूर तिथे करू. टेस्टिंग मात्र शेजारच्या यॉर्क वायनरीला. गर्दी कमी, आणि गच्चीतून गंगापूर धरणाचं पाणी समोर दिसतं. सूर्य सव्वासहाच्या सुमारास डोंगराआड जातो, तेव्हा जागा साडेपाचलाच धरायला हवी.

टूरमध्ये एक गोष्ट नीट बघ. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं आधी दाबतात आणि सालीविना नुसता रस स्टीलच्या थंड टाक्यांत आंबवतात. लाल वाइनचा रस सालीसकट आंबतो, कारण रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो. आंबताना सुटणाऱ्या वायूमुळे साली वर ढकलल्या जातात आणि त्यांचा जाड थर तरंगतो. तो कोरडा पडला तर बिघडतो, म्हणून खालचा रस पंपाने पुन्हा पुन्हा त्यावर सोडतात. तोडणीच्या दिवसांत हे चालू अवस्थेत बघायला मिळतं. वाइनची द्राक्षं आपल्या बाजारातल्या बिनबियांच्या थॉमसन द्राक्षांसारखी नसतात: मणी बारीक, साल जाड, आत बिया. घडाला हात लावण्याआधी विचार, फवारणी झालेली असू शकते.

टेस्टिंगला पाच-सहा वाइनचे साधारण तीस-तीस मिलिलिटरचे घोट मिळतात. आधी स्पार्कलिंग, मग पांढरी, रोझे, लाल आणि गोड शेवटी. उलटं केलंस तर लालच्या तुरटपणापुढे शेनिन ब्लांकसारखी पांढरी वाइन पाणचट लागेल. अंगाला अत्तर नको, वास मारला जातो. प्रत्येक घोटामागे पाणी पी. सगळं गिळायलाच हवं असं नाही, थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. तुझा भाचा १९ चा आहे, कायद्याने वाइनला २१ पूर्ण लागतात, त्याला द्राक्षरस. गाडी चालवणाऱ्याने त्या संध्याकाळी एक थेंबही घ्यायचा नाही. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची हद्द आहे आणि कॉफीने ते उतरत नाही. मी शनिवारी घेणार नाही, वायनरीतून खोलीवर गाडी मीच आणीन. बाकीच्यांनीही आठला आवरायचं, पहाटे निघायचंय.

रविवारी साडेपाचला निफाडच्या बाजूला. तिथे थंडी कडक असते, काकूंना शाल आणि कानटोपी हवी. धुकं असलं तर गाडी अगदी सावकाश, कारण मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. सातला चापडगावला पोचलो तर उत्तम. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. गोदावरी आणि कादवा इथे मिळतात, बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणथळ झाली आहे आणि त्या उथळपणावरच पक्षी जगतात. धरणातून आवर्तन (शेतीसाठीचं पाणी) सुटलं की पाणी चढतं, चिखलाचे पट्टे बुडतात आणि लांब पायांचे पक्षी दुसरीकडे जातात. म्हणून आदल्या दिवशी स्थानिक गाइडला फोन करून पाण्याचा अंदाज घ्यायचा. पातळी बरी असेल तर थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, पट्टकादंब आणि नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो). आठ बाय बेचाळीसची दुर्बीण मी आणतो. कपडे मळकट रंगाचे.

नऊला तिथून निघून तासाभराने सिन्नर. गोंदेश्वर हे यादवकालीन पंचायतन: मधोमध महादेव, चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य. शिखरावर छोट्या शिखरांच्या ओळी एकीवर एक चढत जातात, त्या समोरून न बघता कोपऱ्यातून बघ, तेव्हा त्यांची घडण कळते. चौथऱ्याला पायऱ्या आहेत, काकूंचा हात धरावा लागेल. फरशी तापते, मोजे जवळ असू देत. जेवण सिन्नरलाच, आणि एकच्या आत गोंदे इंटरचेंजवरून समृद्धीवर.

बाटल्यांचं राहिलं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत वाइन शिजल्यासारखी होते, बूचही वर सरकतं. ठाण्यात मिळतात त्या बाटल्या तिथून ओढून आणायच्या नाहीत, फक्त वायनरीतच विकतात त्या दोन-तीन घ्यायच्या. रात्री एसी खोलीत, रविवारी थर्माकोलच्या पेटीत, पायाशी. बिल जवळ ठेव.

काकाही येणार असतील तर तुझी गाडी पुरणार नाही, मग मी वेगळी बघतो. शनिवारची तारीख आणि माणसं किती ते या आठवड्यात कळव, म्हणजे गंगापूर रोडच्या खोल्या आणि टूर दोन्ही मी पक्कं करून टाकतो. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
मिलिंद