‘माफ केले’ म्हणणे ही कृतीच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

क्षमेचे शब्द नुसते तोंडाने बोलून काय होते, मनातला राग जायला हवा, असे पुष्कळदा म्हटले जाते. मला ते पटत नाही. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानांत दाखवून दिले की काही वाक्ये कशाचेही वर्णन करत नाहीत, ती उच्चारण्यातच एखादी गोष्ट घडते. ‘मी वचन देतो’ म्हणणारा आपल्या मनाची बातमी देत नसतो, तो बांधला जात असतो. क्षमाही माझ्या मते याच जातीची आहे.

जानेवारी 1999 मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले गाडीत झोपलेली असताना त्यांना जाळून मारण्यात आले. त्यानंतर ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले. त्या वेळी त्यांच्या मनात काय चालले होते, हे बाहेरच्यांनी ठरवू नये. परंतु ते शब्द चारचौघांत बोलून त्यांनी सूडावरचा आपला हक्क सोडला, आणि पुढे त्यांनीच कुणाला बदल्यासाठी चिथावले असते तर त्यांना जाब विचारण्याचा अधिकार समाजाला दिला. दुःख नंतर कितीही वेळा उसळून आले असले, तरी दिलेली क्षमा त्याने मोडत नाही. त्या भारतातच राहिल्या आणि बारीपदा येथील कुष्ठरुग्णांचे काम त्यांनी पुढची काही वर्षे चालू ठेवले.

या क्षमेने खटला थांबला नाही, आणि तो थांबायलाही नको होता. या हत्याकांडातील मुख्य दोषी दारा सिंगची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कायम केली. शिक्षा देणे हे शासनाचे काम. ग्लॅडिसबाईंना जे सोडता येत होते, तेवढे त्यांनी सोडले. साध्या मारहाणीसारख्या गुन्ह्यांत मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 नुसार पीडित व्यक्तीने प्रकरण आपसात मिटवले, तर त्याचा परिणाम आरोपी निर्दोष सुटण्यासारखाच होतो.

म्हणूनच ‘झाले गेले विसर, माफ केले म्हण’ असे सुनेकडून किंवा लेकीकडून दरडावून वदवून घेणाऱ्या वडीलधाऱ्यांची मला चीड येते. शब्द पोकळ असते तर त्यांच्यासाठी एवढा हट्ट कुणी धरला नसता. तिने ते एकदा उच्चारले की पुन्हा तक्रार करायला तिला तोंड उरत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. अशा बळजबरीच्या शब्दांना घरच्यांनी, पोलिसांनी आणि न्यायालयानेही क्षमा म्हणून मुळीच मान्यता देऊ नये.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा