पेशी जिवंत राहिली, हीच खरी बातमी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विज्ञान पुरवणीतला ‘लाइट शीट’ सूक्ष्मदर्शकावरचा, म्हणजे प्रकाशाच्या पातळ पडद्याने पेशी पाहणाऱ्या यंत्रावरचा, लेख वाचला. विषय निवडलात याचा फार आनंद झाला. मात्र ‘अधिक बारीक दाखवणारे यंत्र’ या वर्णनाशी मी अडखळले. बारीक दाखवण्यात त्याच्या पुढची यंत्रे आहेत. याचे मोठेपण असे, की ज्या पेशीकडे पाहायचे तिला ते जगू देते.

संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी झेब्राफिश या छोट्या माशाचा गर्भ रात्रभर कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे लेसरने एकेक थर टिपणाऱ्या यंत्राखाली, ठेवला होता. सकाळी पाहते तर पेशींचे विभाजन अर्ध्यावर थांबलेले, कडांना फुगे आलेले. त्याच वयाचा दुसरा गर्भ शेजारी बशीत, अंधारात होता. तो शेपूट हलवत होता! त्या दोघांत फरक होता तो फक्त लेसरचा.

कॉन्फोकलमध्ये एकच थर पाहायचा असला तरी लेसर सगळ्या थरांतून आरपार जातो. इतर थरांतून येणारा उजेड पुढे बारीक छिद्राशी अडतो, पण तोवर त्या थरांनी मार खाल्लेला असतो. पेशी दिसावी म्हणून वापरलेले चमकणारे रेणू विझतात, ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात आणि पेशी आतून पोळते. लाइट शीटमध्ये प्रकाश बाजूने येतो, जेमतेम काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पडदा होऊन. कॅमेरा त्याला काटकोनात असतो. पाहायचा तेवढाच थर उजळतो आणि तो अख्खा एकदम टिपला जातो.

बाजूने उजेड टाकण्याची युक्ती झिग्मोंडी आणि झिडेनटॉप्फ या शास्त्रज्ञांनी १९०३च्या सुमारास काचेतले सोन्याचे कण पाहायला वापरली होती. वाढत्या गर्भांसाठी ती २००४मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेतून पुढे आली. अमेरिकी शास्त्रज्ञ एरिक बेट्झिग यांना २०१४चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते बारीक दाखवण्याबद्दलच. पण ते जाहीर झाले त्याच महिन्यात त्यांच्या गटाचा ‘लॅटिस लाइट शीट’वरचा शोधनिबंध आला: नेहमीच्या लाइट शीटहून पातळ प्रकाशाचा पडदा, जिवंत पेशींसाठी. ते स्वतः कुठे वळले होते, हे लेखात यायला हवे होते.

एक विनंती. पेशीचे छायाचित्र छापताना ती पेशी जिवंत होती की रसायनाने स्थिर केलेली, आणि किती वेळ पाहिली, एवढे दोन शब्द खाली द्यावेत. सुंदर रंगांत मेलेली पेशीही छान दिसते.

आपली,
पेशी-जीवशास्त्राची एक अभ्यासक