घारापुरीला निघालेल्या लेकीस

अलिबाग,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. बाय हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, काल रात्री फोनवर मी तुला जे बोललो ते बोलायला नको होते. येत्या रविवारी तुम्ही दोघे गेटवेहून लाँचने घारापुरीला जाणार आहात एवढेच तू सांगत होतीस, आणि मी पुढचे काही ऐकून न घेता ‘मुळीच जायचे नाही’ असे म्हणून मोकळा झालो. ‘बाबा, मी आता चौथीत नाही,’ असे तू म्हणालीस तेव्हा मी फोनच ठेवून दिला. जावईबापू शेजारीच असणार आणि त्यांनीही ते सगळे ऐकले असणार, याची मला रात्रभर चुटपुट लागून राहिली. आई तर तेव्हापासून माझ्याशी कामापुरते सोडून एक अक्षर बोललेली नाही. शेजारचा मुलगा उद्या मुंबईला यायचा आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो आहे. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहिलेले बरे.

तुम्ही जाऊ नये असे सांगण्यासाठी हे पत्र नाही. जून महिन्यात जावईबापूंची बदली झाली आणि तुम्ही महाडचे बिऱ्हाड हलवून भांडुपच्या त्या एका खोलीत राहायला गेलात, तेव्हा मला वाटले होते की नोकरी, लोकल आणि घरभाडे यांतच तुमची वर्षे जातील. पण तुम्ही दोघांनी एकेक रविवार धरून मुंबई पाहायला घेतली, याचा मला किती अभिमान वाटतो हे मी तुला कधी सांगितले नाही, ते आज सांगतो. जुलैत भर पावसात कान्हेरीला जाऊन १०९ लेण्यांपैकी किती पाहून झाली ते तू दर अर्ध्या तासाने आईला कळवत होतीस. शिवाजी मंदिरात बाल्कनीचे तिकीट काढून नाटक पाहिलेत आणि मध्यंतरातल्या बटाटेवड्याचे वर्णन नाटकापेक्षा जास्त केलेस. ऑक्टोबरात भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली, तेव्हा काही काम नसताना आरेपासून तिथपर्यंत बसून गेलात आणि परत आलात. हे सगळे फोटो आईने आळीतल्या प्रत्येक घरी नेऊन दाखवले आहेत. पैशांचे मी काही म्हणणार नाही. तुमचे तुम्ही मिळवता आणि जपून खर्च करता, हे मला ठाऊक आहे.

घारापुरीचे मनात कशावरून आले, तेही मला ठाऊक आहे. राणीच्या बागेत पेंग्विन पाहून झाल्यावर तुम्ही भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणातल्या दगडी हत्तीजवळ उभे राहून फोटो काढलात, आणि हा हत्ती इथे कसा, असे तू मला विचारलेस. मीच तुला सांगितले की तो मूळचा घारापुरीचा, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला काढला, तेव्हा उचलताना पडून तो फुटला आणि त्याचे तुकडे पुढे इथे आणून जोडले. म्हणजे तुला त्या बेटाची ओढ लावली मीच आणि आता जाऊ नको म्हणून ओरडलो तोही मीच. यात तुझी काय चूक?

बाय, लाँचवर चढल्याबरोबर लाइफ जॅकेट घाल. नुसते अंगावर टाकू नकोस, त्याचे पट्टे बांध. जावईबापूंनाही बांधायला लाव. गेल्या वर्षी १८ डिसेंबरला याच वाटेवर, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाच्या एका वेगवान बोटीने धडक दिली आणि १५ जीव गेले. बोटीवर शंभराहून जास्त प्रवासी होते, दिवसाढवळ्याची वेळ होती, समुद्र खवळलेला नव्हता, वादळ नव्हते. सहलीला निघालेली लेकुरवाळी माणसे होती ती. त्या संध्याकाळी टीव्हीसमोरून मी उठलो नाही. त्यानंतर जॅकेट घालणे सक्तीचे झाले आहे असे मी वाचले. पण सक्ती असली तरी उकडते म्हणून माणसे ते काढून मांडीवर ठेवतात, आणि फोटोत चांगले दिसत नाही म्हणून मुली ते घालत नाहीत. फोटो चांगला नाही आला तरी चालेल.

हा माझा विषय नुसत्या गेल्या वर्षाच्या बातमीचा नाही, हे तुलाही थोडेफार माहीत आहे. पण देव्हाऱ्याखालच्या डब्यातले ते कूपन तू कधी हातात घेऊन वाचले नसशील. माझ्या आजीचा धाकटा भाऊ मुंबईत गोदीत कामाला होता. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला सुटलेल्या ‘रामदास’ बोटीवर तो होता. आषाढी अमावस्येला घरी पोहोचायचे म्हणून बोट माणसांनी भरलेली होती, आणि काशाच्या खडकाजवळ ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आमच्या या पट्ट्यात, रेवसपासून रोह्यापर्यंत, त्या दिवशी चूल न पेटलेले घर नसलेले गाव शोधावे लागेल. त्या काळी मनीऑर्डरच्या फॉर्मला एक कूपन असे आणि पैसे पाठवणारा त्यावर दोन ओळी लिही. त्याने आठ दिवस आधी पाठवलेल्या दहा रुपयांच्या कूपनावर एवढेच लिहिलेले आहे : ‘अवसेला येतो. ताईस सांगणे.’ कागद आता पिवळा पडून घडीवर विरला आहे, शाई मात्र शाबूत आहे. आजी शाळेत गेलेली नव्हती. ती माझ्याकडून ते कूपन वाचून घेई, आणि मी वाचून झालो की ते पुन्हा घडीवर घडी करून ठेवी.

तीच आजी आणखी एक गोष्ट सांगे. त्या बोटीवरचा एक लहान मुलगा हाती लागलेल्या तरंगत्या कड्याला धरून दिवसभर पाण्यात राहिला आणि संध्याकाळी गेटवेला लागला, तेव्हा कुठे मुंबईला बोट बुडाल्याचे कळले. ‘कडं मिळालं म्हणून वाचला,’ असे म्हणून ती गप्प होई. मरेपर्यंत तिने आमच्या घरातल्या कुणालाही पाण्यावर पाऊल ठेवू दिले नाही. मांडव्याहून गेटवे तासाभराची वाट असताना मी सगळे आयुष्य वडखळ, पेण, पनवेल असा एसटीने वळसा घालून मुंबईला गेलो, तो तिच्या शब्दाखातर. म्हणून सांगतो, पट्टे बांध.

पुन्हा तेच लिहिले, नाही का? या पत्रात जॅकेटचा उल्लेख एकदाच करायचा असे ठरवून बसलो होतो.

काल तू चौथीचे नाव काढलेस, त्यावरून ती सहल आठवली. शाळेची सहल घेऊन मी एकूण एकवीस वेळा मुंबईला गेलो. राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय आणि शेवटी गेटवे, हा आमचा ठरलेला क्रम असे. गेटवेला पोहोचलो की मी मुलांना दोघादोघांचे हात धरायला लावून कठड्यापासून दहा पावले अलीकडे उभे करी, मोजी, पुन्हा मोजी, आणि चणे-शेंगदाण्याच्या पुड्या वाटी. दुसऱ्या शाळांची मुले लाँचमधून फेरी मारून ओरडत, हसत परत येत. आमची मुले ते बघत. तू चौथीत होतीस त्या वर्षी तू रांग सोडून माझ्याजवळ आलीस आणि हळूच म्हणालीस, ‘गुरुजी, एकच फेरी.’ शाळेत मला गुरुजीच म्हणायचे हा नियम तू तिथेही पाळलास. मी नाही म्हटले. तू रडली नाहीस. पुडीतले शेंगदाणे न खाता तशीच मुठीत धरून घरापर्यंत आणलेस आणि आईच्या ओंजळीत ओतलेस. आईने मला त्याबद्दल तेव्हा विचारले नव्हते, काल विचारले.

मी त्या मुलांना जपले की त्यांना समुद्र बघण्यापासून अडवले, याचे उत्तर मला निवृत्त झाल्यावरही सापडलेले नाही. आणि मी घारापुरी शिकवली तीही पुस्तकातल्या चित्रावरून. महेशमूर्ती सुमारे वीस फूट उंच आहे असे सांगताना मी शाळेच्या कौलाकडे बोट दाखवी, कारण मला तेवढेच माप ठाऊक होते. १९८७ साली युनेस्कोने ही लेणी जागतिक वारशात घेतली, तेव्हा वर्तमानपत्रातले कात्रण मी वर्गात लावले आणि एका मुलाने विचारले, ‘गुरुजी, तुम्ही कधी गेला होता?’ मी विषय बदलला.

म्हणून तुम्ही गेलात की माझ्या वतीने नीट पाहा. सोमवारी लेणी बंद असतात, तुमचा रविवारच बरा. पण गर्दी वाढायच्या आत, सकाळच्या पहिल्या लाँचने निघा. धक्क्यावर उतरल्यावर छोटी गाडी मिळते, तरी चालत जा, म्हणजे खाडीकडची तिवरे दिसतील. बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्या आहेत आणि २०१८ साली समुद्राखालून केबल टाकल्यावर त्यांच्याकडे कायमची वीज आली, हे लेणी पाहायला आलेल्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. मुख्य लेण्यात शिरल्याबरोबर महेशमूर्तीकडे धावू नका. अंधाराला डोळे सरावू द्या, मग एकेक खांब मागे टाकत पुढे जा. शंकर-पार्वतीच्या विवाहाचा देखावा दोघांनी मिळून पाहा. त्यात पार्वती शंकराच्या उजव्या हाताला उभी आहे, कारण लग्न अजून लागायचे आहे. मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत, तरी तिने खाली वळवलेली मान पाहिली की तिचा संकोच कळतो, असे मी वाचले आहे आणि वर्गात सांगितलेही आहे. ते खरे आहे का, ते तू मला कळव.

येताना शेवटच्या लाँचची वाट पाहू नका. तिला फार गर्दी होते. गच्च भरलेली लाँच दिसली तर तिच्यात चढू नका, पुढची येऊ द्या, दोन तास धक्क्यावर बसावे लागले तरी बसा. वरच्या मजल्यावर वारा छान लागतो म्हणून सगळे तिकडे जातात, तुम्ही खाली, बाहेर पडायच्या वाटेजवळ बसा. गल पक्ष्यांना कुरकुरे टाकायला कठड्यावर ओणवू नका. जावईबापू पट्टीचे पोहणारे आहेत असे तू मागे म्हणाली होतीस. आमचा तो आजोबाही रेवसची खाडी पोहून जाणारा होता.

हे शेवटचे वाक्य खोडावे असे वाटते आहे, पण शाईने लिहिले आहे, राहू दे. तुला धाक घालायचा नव्हता. जावईबापूंना माझा निरोप सांग की काल मी जो स्वर लावला तो त्यांच्यासाठी नव्हता. ते तुला एकटीला कुठे जाऊ देत नाहीत आणि तू म्हणशील तिकडे तुझ्याबरोबर येतात, हे मी पाहतो आहे. तुझ्या लग्नात मला जेवढी काळजी होती, तेवढी आता उरलेली नाही. उरली आहे ती या एका पाण्याची.

हे पत्र घेऊन येणारा मुलगा मांडव्याहून लाँचनेच येणार आहे. त्यालाही मी जॅकेटचे सांगितले, तो ‘हो काका’ म्हणाला.

रविवारी लाँच सुटण्याआधी दोघांचा एक फोटो पाठव, पट्टे बांधलेला. धक्क्याला लागल्यावर फोन कर, आणि परत गेटवेला उतरल्यावर कर. मधल्या वेळात मी तुला फोन करणार नाही, असे आईने माझ्याकडून कबूल करून घेतले आहे.

लिहिता लिहिता आई मागे येऊन उभी राहिली आणि धक्क्यापासून लेण्यांपर्यंत पायऱ्या किती आहेत, असे तिने विचारले. मी म्हटले, सव्वाशेच्या आसपास, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोलीही मिळते. तिने मान हलवली आणि चहा ठेवायला गेली. पुढच्या महिन्यात तिला घेऊन तुमच्याकडे यायचा विचार आहे. त्या वेळी एखादा रविवार मोकळा ठेव.

तुझा,
बाबा